विश्लेषण : हाताने फिरवायच्या गिरमिटाची नवी बिटे लाकडात का अडतात? दर्जा कुठे घसरला, खरेदीआधी काय पाहावे?

ऑनलाइन बाजारात ‘वुड ऑगर बिट’ असा शोध घेतला, की पिळदार, चकचकीत बिटांचे संच एकामागून एक समोर येतात. विजेच्या ड्रिलसाठी त्यातले बरेचसे चालून जातात. मात्र तेच बिट हाताने फिरवायच्या ब्रेसला लावून सागवानात भोक पाडायला घेतले, की अनेकदा टोकाचा स्क्रू लाकडात रुततो आणि हात पुढे सरकत नाही. कधी बिट जागच्या जागी फिरत राहते, कधी भोकाची कड फाटते. शिकाऊ माणूस अशा वेळी स्वतःच्या हाताला दोष देतो. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा बिटाच्या घडणीत असतो. दीडशे वर्षांपूर्वी जवळपास परिपूर्ण झालेले हे अवजार आज चांगल्या दर्जाचे मिळणे अवघड का झाले, याचा हा आढावा.

ऑगर बिट म्हणजे नेमके काय?

लाकडात भोक पाडण्याच्या हाती अवजाराला मराठीत गिरमिट म्हणतात. त्याआधी दोरीने किंवा धनुकलीने फिरवायचा सामता सुतारांकडे असे. पाश्चात्त्य पद्धतीच्या अवजारात दोन भाग असतात. धनुष्यासारखा बाक असलेली, मुठीने गोल फिरवायची ती ब्रेस आणि तिच्या जबड्यात बसणारे पिळदार पोलादी पाते म्हणजे ऑगर बिट.

चांगल्या बिटाचे चार भाग महत्त्वाचे. पहिला, टोकाचा निमुळता स्क्रू. तो बिटाला लाकडात ओढून नेतो. दुसरा, तळाच्या काठावरची दोन टोकदार नखे. त्यांना स्पर म्हणतात. ती भोकाचा परीघ आधी कापून घेतात. तिसरा, तळाच्या दोन आडव्या धारा. त्या परिघाच्या आतले लाकूड ढलप्यांच्या रूपात उचलतात. चौथा, वरपर्यंत गेलेला पीळ. त्याच्या पन्हळीतून ढलप्या बाहेर येतात. या चौघांची कामे ठरलेल्या क्रमाने होतात. एकाने क्रम मोडला, की बाकीचे तिघे निकामी ठरतात.

हाताच्या आणि यंत्राच्या बिटात फरक काय?

विजेचे ड्रिल मिनिटाला शेकडो फेरे घेते. ब्रेसचे फेरे त्या मानाने फारच थोडे असतात आणि सगळे बळ माणसाच्या दंडाचे असते. प्रचलित ब्रेसची मूठ सुमारे १० इंच व्यासाच्या वर्तुळात फिरते, म्हणजे हाताला मिळणारी तरफ ५ इंचांची. तेवढ्यावर कठीण लाकूड कापायचे, तर प्रत्येक फेऱ्यात निघणारी ढलपी पातळच हवी.

ही जाडी ठरते टोकाच्या स्क्रूच्या आट्यांवरून. समजा, स्क्रूचे दोन आटे एकमेकांपासून १.५ मिलिमीटर अंतरावर आहेत. मग एका फेऱ्यात बिट १.५ मिलिमीटर खाली उतरेल. तळाला दोन धारा असल्याने प्रत्येकीच्या वाट्याला ०.७५ मिलिमीटर जाडीची ढलपी येईल. हे हाताला पेलते. आट्यांमधले अंतर ३ मिलिमीटर असेल, तर प्रत्येक धारेला दीड मिलिमीटर जाड ढलपी काढावी लागेल. यंत्र ती सहज काढते. माणसाचा हात मात्र सागवानात, शिसवीत किंवा बाभळीत तिथेच थांबतो.

म्हणूनच जुने कारखाने कठीण लाकडासाठी बारीक आट्यांचा आणि मऊ किंवा ओल्या लाकडासाठी भरड आट्यांचा स्क्रू देत. आज बाजारात मिळणारी बहुतेक नवी बिटे यंत्रासाठी आखलेली, म्हणजे भरड आट्यांची असतात. त्यांना सरसकट वाईट म्हणता येणार नाही. ती वेगळ्या कामासाठी आहेत. अडचण इतकीच, की वेष्टनावर आणि संकेतस्थळावर हा फरक क्वचितच लिहिलेला असतो.

उत्तम बिटांची परंपरा कुठून आली?

या अवजाराची घडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली. कनेक्टिकट राज्यातील एझ्रा लोमेद्यू यांनी १८०९ मध्ये दुहेरी पिळाच्या ऑगरचे पेटंट घेतले. त्याच राज्यातील डीप रिव्हर येथील रसेल जेनिंग्ज यांनी १८५५ मध्ये सुधारित दुहेरी पिळाच्या बिटाचे पेटंट मिळवले. फर्निचरच्या नाजूक कामासाठी ‘जेनिंग्ज पद्धतीचे बिट’ हा जणू मापदंड झाला. पुढे ओहायो राज्यातील विल्मिंग्टन येथे १८८५ मध्ये अर्विन ऑगर बिट कंपनी उभी राहिली. तिच्या बिटाच्या मधोमध भरीव गाभा आणि त्याभोवती एकेरी पीळ असे. ते अधिक दणकट होते आणि त्यातून ढलप्याही सहज बाहेर पडत. इंग्लंडमधील शेफिल्ड आणि जर्मनीतील रेमशाइड ही हत्यारांची शहरेही या धंद्यात होती.

या बिटांची मापे इंचाच्या सोळाव्या भागात मोजली जात. दांड्यावर ‘८’ असा ठसा असेल, तर भोक आठ-सोळांश म्हणजे अर्ध्या इंचाचे. ४ ते १६ क्रमांकांची १३ बिटे म्हणजे एक पूर्ण संच. या सगळ्या मापांची बेरीज १३० सोळांश, म्हणजेच साडेबत्तीस पाव इंच होते. म्हणून अमेरिकेत अशा संचाला ‘साडेबत्तीस क्वार्टरचा संच’ असेच नाव पडले होते.

मग हा धंदा बसला कशाने? ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट मिळाले. पुढच्या काही दशकांत ब्रेस मागे पडली. जेनिंग्जची कंपनी १९४४ मध्ये स्टॅन्ले कंपनीने विकत घेतली. स्टॅन्ले आणि ब्लॅक अँड डेकर २०१० मध्ये एकत्र आल्या आणि २०१७ मध्ये त्यांनी अर्विनही विकत घेतली. म्हणजे पेटंटनंतर बरोबर १०० वर्षांनी हाती बिटांची ही दोन मोठी नावे आणि त्यांना मागे सारणारे ड्रिल एकाच छताखाली आले. यात कुणाचे कारस्थान नाही; बाजार कुठून कुठे गेला, एवढेच यातून दिसते.

नव्या बिटांत नेमके काय बिघडते?

ढोबळमानाने सहा दोष वारंवार आढळतात.

१) स्क्रू भरड किंवा अर्धवट कापलेला असतो. त्यावर रंग किंवा लाखेचा थर असेल, तर आटे बुजतात आणि पकड सुटते.

२) स्पर आखूड किंवा बोथट असतात. स्परने ढलपीच्या जाडीपेक्षा खोल कापायला हवे. ढलपी ०.७५ मिलिमीटरची आणि स्पर धारेच्या खाली अर्धा मिलिमीटरच आलेला असेल, तर धार न कापलेले तंतू उपटते आणि भोकाची कड फाटते.

३) तळाच्या दोन धारा एका पातळीत नसतात.

४) पन्हळ खरखरीत असते. कापताना राहिलेल्या रेघांत ढलप्या अडकतात आणि खोल भोकात बिट गच्च बसते.

५) बिट सरळ नसते. सपाट काचेवर लोळवले, तर ते उड्या मारते.

६) दांडा षटकोनी किंवा गोल असतो. जुन्या ब्रेसचे दोन जबडे चौकोनी, निमुळत्या दांड्यासाठी बनलेले असतात. षटकोनी दांडा त्यात अनेकदा मध्यावर बसत नाही, आणि गोल दांडा तर घसरतोच.

यातल्या तिसऱ्या दोषाचे गणित पाहण्यासारखे आहे. स्क्रू दर फेऱ्याला १.५ मिलिमीटर ओढतो, हे आधीचेच उदाहरण घेऊ. एक धार दुसरीपेक्षा फक्त पाव मिलिमीटर खाली असेल, तर खालची धार १ मिलिमीटरची ढलपी काढते आणि वरची अर्ध्या मिलिमीटरची. म्हणजे एकीवर दुसरीच्या दुप्पट भार. फरक पाऊण मिलिमीटरचा झाला, तर वरची धार लाकडाला लागतच नाही. सगळे काम एकटीवर येते, ती लवकर बोथट होते आणि एकाच बाजूने रेटा बसल्याने भोक वेडेवाकडे होते. पाव मिलिमीटर डोळ्याला सहज दिसत नाही, हाताला मात्र पहिल्या दहा फेऱ्यांत कळतो.

दर्जा का घसरला?

पहिले कारण म्हणजे हातकाम महाग आहे. जुन्या पद्धतीत पोलादी पट्टी तापवून पिळली जाई, टोक साच्यात घडवले जाई आणि नंतर कुशल कामगार स्पर व धारा कानसून जुळवत असे. वाकलेले बिट नजरेने पारखून हातोडीने सरळ केले जाई. शेवटच्या या काही मिनिटांतच बिट चांगले की वाईट हे ठरे. खर्च कापायचा झाला, की पहिली कात्री तिथेच लागते. कारण न जुळवलेले बिटही छायाचित्रात तितकेच चकचकीत दिसते.

दुसरे कारण गिऱ्हाईकाचे आहे. पूर्वी बिट घेणारा माणूस दिवसभर तेच वापरून पोट भरे. वाईट बिट तो दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या पुढ्यात आणून टाके. आज घेणारा बहुधा हौशी किंवा नवशिका असतो. त्याने चांगले बिट कधी हातात धरलेलेच नसते. पारखणारा गेला, की बनवणाऱ्याला चांगले बनवण्याचे कारणही उरत नाही. दर्जा घसरण्यामागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

तिसरे कारण लाकडाचे आहे. शहरातले फर्निचर आता मुख्यतः प्लायवूड, ब्लॉकबोर्ड आणि एमडीएफचे असते. त्यात लागतात त्या बारीक स्क्रूची भोके आणि बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचे उथळ भोक. दोन्ही कामे यंत्राने होतात. भरीव लाकडात खोल, स्वच्छ भोक पाडण्याची गरजच कमी झाली.

इथे एक प्रश्न पडतो. रंधे आणि पटाश्या यांचेही तेच झाले होते. तरीही १९८० नंतर अमेरिका आणि कॅनडात काही लहान कंपन्यांनी उत्तम दर्जाचे नवे रंधे बनवायला सुरुवात केली आणि ते महाग असूनही खपतात. ऑगर बिटाच्या बाबतीत तसे का झाले नाही? रंधा एक घेतला तरी काम भागते. बिटे मात्र संचाने लागतात. प्रत्येक मापाला वेगळी तयारी, वेगळे साचे. शिवाय त्या देशांत जुनी चांगली बिटे आजही मुबलक आणि स्वस्त मिळतात. नव्या उत्पादकाला आपल्याच आजोबांच्या मालाशी स्पर्धा करावी लागते. जपानमधील मिकी आणि जर्मनीतील रेमशाइड या शहरांत आजही उत्तम ऑगर बिटे बनतात, पण त्यांचा मुख्य रोख विजेच्या ड्रिलकडे आहे.

मग जुने तेच सोने का?

सरसकट नाही. जुन्या काळीही स्वस्त, कच्ची बिटे बनत होती. ती मोडली आणि भंगारात गेली. आज जे जुने बिट हाती येते, ते टिकलेल्यांपैकी असते. त्यामुळे ‘जुना सगळा माल चांगलाच होता’ असा समज होतो.

शिवाय टिकलेली सगळीच बिटे कामाची नसतात. अनेकांचे स्पर चुकीच्या बाजूने कानसून झिजलेले असतात, स्क्रूचे आटे गंजाने खाल्लेले असतात, दांडा पिळवटलेला असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात असे बिट दिसले, तर त्यावरच्या ठशापेक्षा त्याचा स्क्रू आधी पाहावा. स्क्रू गेला असेल, तर नामांकित कंपनीचे बिटही केवळ शोभेचे.

खरेदीपूर्वी फोनवर काय पाहावे?

उत्पादनाचे छायाचित्र मोठे करून टोक पाहा. टोकाचे जवळून घेतलेले छायाचित्रच नसेल, तर ती पहिली धोक्याची खूण. स्क्रूचे आटे मोजता येतील इतके स्पष्ट आणि अगदी अणीपर्यंत गेलेले हवेत. दोन्ही स्पर सारख्या लांबीचे हवेत. स्कॉच पद्धतीच्या बिटांना खाली येणारे स्पर मुद्दामच नसतात. ती भरभक्कम, राकट कामासाठी असतात, त्यामुळे तिथे स्पर नसणे हा दोष नाही. ब्रेससाठी घेत असाल, तर दांडा चौकोनी व निमुळता आहे का, हे आवर्जून पाहा. पूर्ण संच घेण्याआधी एकच बिट मागवून तपासणे शहाणपणाचे. ६, ८ आणि १२ क्रमांकांची तीन चांगली बिटे १३ वाईट बिटांपेक्षा जास्त काम देतात.

बिट घरी आल्यावर पाच मिनिटांची परीक्षा पुरते. सपाट काचेवर लोळवून सरळपणा पाहा. मग कठीण लाकडाच्या तुकड्यात, वरून दाब न देता, मोजून दहा फेरे द्या. स्क्रूचे आटे १.५ मिलिमीटर अंतरावर असतील, तर बिट साधारण १५ मिलिमीटर उतरायला हवे. बरेच कमी उतरले, तर स्क्रू घसरतो आहे. दोन्ही धारांच्या ढलप्या सारख्या जाडीच्या आहेत का, तेही पाहा. कड फाटली असेल, तर स्पर तपासा. मात्र आरपार भोकाची मागची बाजू फाटली, तर तो बिटाचा दोष समजू नये. स्क्रूचे टोक पलीकडे दिसताच थांबून उरलेले भोक उलट बाजूने पाडायचे असते.

वाईट बिट सुधारता येते का?

काही प्रमाणात येते. बोथट स्पर, असमान धारा आणि खरखरीत पन्हळ हे दोष बारीक कानस आणि पॉलिश पेपरने कमी करता येतात. नियम दोनच आहेत. स्पर फक्त आतल्या बाजूने कानसायचे. बाहेरून कानसले, तर ते कापत असलेले वर्तुळ लहान होते आणि बिट भोकात गच्च अडकते. तळाच्या धारा फक्त वरच्या, म्हणजे दांड्याकडच्या अंगाने कानसायच्या. खालून कानसले, तर धारेमागचा उतार जातो आणि धार लाकडात शिरतच नाही.

ग्राइंडरचा मोह टाळावा. पातळ धार क्षणात तापून निळी पडते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. स्क्रूमध्ये बुजलेला रंग दोऱ्याला घासपावडर लावून काढता येतो. पण स्क्रू मुळातच भरड किंवा मध्यापासून सरकलेला असेल, तर त्यावर घरगुती उपाय नाही. असे बिट परत करणे हाच मार्ग.

महाराष्ट्रातल्या सुतारांशी याचा संबंध काय?

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यातील १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आणि होडी बांधणारे कारागीरही आहेत. प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य ई-व्हाउचरच्या रूपाने देण्याची त्यात तरतूद आहे. हेतू चांगला आहे. पण अवजाराची किंमत आणि अवजाराचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर ‘एक संच’ अशी नोंद झाली, की त्यातल्या धारा एका पातळीत आहेत का, हे कोण पाहणार? ऑगर बिट हे इथे केवळ उदाहरण. करवतीचे दाते, पटाशीला दिलेले पाणी, रंध्याचा तळ, सगळ्यांना हाच प्रश्न लागू पडतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. वेष्टनावर दोन ओळी छापणे उत्पादकांना सक्तीचे करता येईल : बिट हाताच्या ब्रेससाठी आहे की यंत्रासाठी आणि स्क्रूच्या आट्यांमधले अंतर किती. सरकारी खरेदीत नुसते नाव आणि नग न पाहता प्रत्येक खेपेतली काही बिटे लाकडात फिरवून पाहण्याची अट घालता येईल. आयटीआयच्या सुतारकाम वर्गात अवजार वापरायला शिकवतात, तसेच ते पारखायलाही शिकवायला हवे. या कामासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लाकडाचा एक तुकडा, एक पट्टी आणि दहा फेरे पुरतात.

हातावर पोट असलेल्या कारागिराला वाईट अवजार दोनदा महाग पडते. आधी पैसे जातात, मग फाटलेल्या फळीचा भुर्दंड बसतो. नवशिक्याचे नुकसान याहून मोठे असते. आपल्याला हे काम जमत नाही, असे समजून तो पहिल्याच महिन्यात अवजार खाली ठेवतो. बाजारात पारखणारे गिऱ्हाईक पुन्हा तयार झाले, तरच चांगले बिट बनवणे कारखान्याला परवडेल. त्याची सुरुवात मागवलेले पहिले वाईट बिट कपाटात न टाकता, दोष लिहून परत पाठवण्यापासून होऊ शकते.